चौघांनी मिळून गायक-वादकांची अर्कचित्रं: मेळ कसा बसवायचा?

बोरू: आम्ही चौघं अर्कचित्रकार बारा गायक-वादकांची मालिका करतोय. प्रत्येकाच्या वाट्याला तीन चेहरे. सुटं चित्र पाहिलं की छान वाटतं, पण शेजारी शेजारी लावली की एका मालिकेतली वाटतच नाहीत. माझी रेघ ब्रशची, जाड-बारीक होणारी. एकाची निबची, जाळीदार छायेची. सगळ्यांना एकाच शैलीत बसवलं तर हातातली मजा जाईल. काय करावं?

कागदवेडा: कागदाचा आकार, डोक्याचं माप आणि काळ्यासोबतचा एकच रंग, एवढं ठरवा. रेघ ज्याची त्याची राहू द्या.

शाईदौत: रेघेचं नंतर बघू. अतिशयोक्ती कशाची करायची, हे चौघांनी बसून ठरवलंय का? आम्हा तिघींचा घोळ तिथेच झाला होता. भीमसेन जोशींच्या कच्च्या रेखाटनात एकीनं नाक ताणलं, एकीनं कपाळ. माणूस ओळखू येत होता, गाणं कुठेच नव्हतं. मग त्यांच्या मैफलीचं चित्रीकरण आवाज बंद करून पाहिलं. तान घेताना अख्खं अंग पिळवटतं, हात वर झेपावतो, बोटं फाकतात. मी चेहरा जवळपास आहे तसा ठेवला आणि तो हात डोक्याहून मोठा केला. तिघींनाही लगेच पटलं.

तेव्हापासून आधी एक वाक्य लिहितो, मग पेन्सिल. पियानोवादक ग्लेन गूल्ड म्हणजे बुटकी खुर्ची आणि पट्ट्यांवर झुकलेलं नाक. जॅझमधला ट्रम्पेटवादक डिझी गिलेस्पी, त्याचं मात्र अवघड गेलं. फुगलेले गाल आणि वर वळलेला ट्रम्पेट, दोन्ही वाढवले तर एकमेकांना खातात. आम्ही गाल धरले, ट्रम्पेट साधा काढला. वाक्य एक असलं की रेघा चार असल्या तरी चालतं, हे मी अनुभवानं सांगते.

आणि संदर्भाचा फोटो आरशासारखा उलटा नाही ना, हे जरूर तपासा.

बोरू: ताई, आत्ताच चित्रं काढून बघितली. झाकीर हुसेन यांच्या चित्रात डग्गा, म्हणजे तबल्याच्या जोडीतला डावा, उजव्या हाताखाली आलाय! फोटोच उलटा होता. केसांच्या लाटा काढण्यात मी इतका रमलो, की हातांकडे लक्षच गेलं नाही. ते चित्र पुन्हा काढतोय. रविवारी चौघं बसून बाराही वाक्यं लिहिणार आहोत.