आजाराचा भार रुपयांत मोजावा की आयुष्याच्या वर्षांत?

कृष्णाकाठ (तालुका वाळवा)

मागच्या पावसाळ्यात माझ्या चुलतभावाला उसाला खत टाकताना घोणस चावली. ग्रामीण रुग्णालयात काचेच्या नळीत रक्त घेऊन वीस मिनिटे ठेवले, ते गोठले नाही. तिथेच लस सुरू करून त्याला मोठ्या सरकारी रुग्णालयात हलवण्यात आले. तिथे तो सतरा दिवस होता. लघवी कमी झाली होती, ती पूर्ववत झाली. पायाचे मांस मात्र सडले आणि ते काढावे लागले. घरी सोडतानाच्या कागदावर ‘सुधारणा होऊन घरी सोडले’ असे लिहिले आहे आणि बिलाच्या जागी शून्य आहे. डॉक्टरांनी जीव वाचवला, याबद्दल आमचे सगळे घर त्यांचे ऋणी आहे. माझा प्रश्न त्या कागदावरच्या दोन नोंदींपुरता आहे. आजाराचा भार किती आणि उपचाराचा परिणाम काय, हे त्याच दोन नोंदींवरून ठरत असेल, तर मोजणी कुठेतरी चुकते आहे.

वहिनीने घरच्या वहीत सगळे लिहून ठेवले होते, म्हणून आकडे देऊ शकतो. गाडीभाडे १,८००, सोबतच्या दोघांचे जेवणखाण ४,२००, बाहेरून केलेल्या तपासण्या ६,५००, पुढे तीन महिन्यांची मलमपट्टी ७,०००. खिशातून गेलेला हा खर्च १९,५०० रुपये होतो, आणि आरोग्यखर्चाच्या पाहणीत फार तर एवढेच सापडेल. पण भावाची पाच महिन्यांची मजुरी, महिन्याला वीस दिवस आणि ४५० रुपये रोज धरून, ४५,००० होते. वहिनीचे चाळीस रोज ३०० रुपयांप्रमाणे बुडाले, ते १२,०००. ऐंशी हजारांची दुभती म्हैस घाईत बासष्टला द्यावी लागली. म्हशीची किंमत मी खर्चात धरत नाही, फक्त १८,००० चा तोटा धरतो. चाळीस हजार महिना शेकडा तीनच्या व्याजाने घेतले होते, त्याचे आठ महिन्यांचे व्याज ९,६०० झाले. एकूण १,०४,१०० रुपये. म्हणजे पाहणीला दिसणाऱ्या प्रत्येक रुपयामागे न दिसणारे चार रुपयांहून अधिक आहेत.

आणि परिणाम? घोटा आखडला आहे. सपाट रस्त्यावर तो चालतो, पण सरीत उतरता येत नाही, ओझे घेऊन बांध ओलांडता येत नाही. उसातल्या माणसाच्या बाबतीत याला ‘सुधारणा’ म्हणायचे का, हे कागद लिहिणाऱ्याने ठरवले. सहा महिन्यांनी त्याला कुणी विचारले नाही.

माझे म्हणणे असे आहे की, जिल्ह्यात कोणत्या आजारावर किती पैसा लावायचा हे ठरवताना घरच्या वहीतला हा पूर्ण खर्च हेच मुख्य माप असावे, आणि उपचाराचा परिणाम घरी सोडण्याच्या दिवशी नव्हे तर सहा महिन्यांनी नोंदवला जावा.

माणदेशी (दहिवडी)

आपण वही जपली आणि इथे मांडली, हे मोलाचे आहे. तरीही आपल्या मुख्य मापाला माझा ठाम विरोध आहे, आणि कारणही सर्पदंशाचेच आहे.

आमच्या शेजारच्या वस्तीवर नऊ वर्षांची मुलगी जमिनीवर अंथरूण टाकून झोपली होती. मण्यारीचा दंश फारसा दुखत नाही आणि खूणही धड दिसत नाही. पहाटे पोटात दुखते म्हणून ती उठली, पापण्या जड झाल्या, बोलणे तोंडातल्या तोंडात येऊ लागले. गाडी मिळून ती रस्त्याला लागेपर्यंत श्वास थांबला होता. त्या घराच्या वहीत काय असेल? गाडीचे सातशे रुपये. मजुरी बुडाली नाही, म्हैस विकली नाही, व्याज नाही. आपल्या मापाने आपल्या भावाचा दंश एक लाख चार हजारांचा आणि त्या लेकराचा सातशेचा ठरतो. जो उपचारापर्यंत पोचलाच नाही, त्याचा खर्च नेहमी कमीच दिसणार. म्हणजे जिथे दवाखाना लांब, तिथे आजाराचा भार हलका, असा निष्कर्ष कागदावर निघेल आणि पैसा पुन्हा दवाखाना जवळ असलेल्या भागाकडेच जाईल.

ही लहानसहान उणीव नाही. देशात २००० ते २०१९ या काळात सर्पदंशाने सुमारे १२ लाख माणसे गेली, म्हणजे वर्षाला सरासरी ५८,०००, असा अंदाज २०२० मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात आहे. त्यातले बहुतेक मृत्यू खेड्यांत, घरीच झाले, आणि चौथ्या हिश्श्याहून अधिक पंधरा वर्षांखालील मुलांचे होते. घरी झालेल्या मृत्यूचे बिल कुठल्याच रुग्णालयाकडे नसते.

म्हणूनच १९९३ च्या जागतिक बँकेच्या अहवालापासून आजाराचा भार ‘गमावलेल्या निरोगी वर्षां’त मोजण्याची पद्धत रूढ झाली. अकाली मृत्यूने गेलेली वर्षे, अधिक अपंगत्वात काढलेली वर्षे त्या अपंगत्वाच्या तीव्रतेने गुणून. जन्मवेळी ८६ वर्षांचे प्रमाण आयुष्य धरले, तर त्या मुलीची सुमारे ७७ वर्षे गेली. आपल्या भावाची उरलेली पस्तीस वर्षे धरू आणि आखडलेल्या घोट्याला उदाहरणापुरता ०.१ भार (शून्य म्हणजे पूर्ण निरोगी, एक म्हणजे मृत्यू) देऊ, म्हणजे साडेतीन वर्षे होतात. दोन घरांतल्या दुःखाचे प्रमाण मला या आकड्यांत अधिक खरे दिसते.

शिवाय रुपयांच्या मापात ज्याची कमाई मोठी त्याचा आजार मोठा. म्हातारी घरातली राख काढते, नातवंडे सांभाळते, शेळ्या बघते, तिचा रोज आपल्या वहीत कोणत्या दराने येणार? वर्षांच्या मापात बागायतदाराचा पाय आणि ऊसतोड करणाऱ्याचा पाय एकाच तागडीत बसतो.

कृष्णाकाठ (तालुका वाळवा)

त्या मुलीचे वाचून बराच वेळ काही लिहिता आले नाही. मृत्यूच्या बाबतीत आपला आक्षेप मला पूर्ण मान्य आहे. गेलेल्या जिवाचा भार मजुरीने मोजता येत नाही आणि मोजूही नये. ‘मुख्य माप’ हा माझा शब्द मी मागे घेतो.

पण जिवंत राहिलेल्याच्या बाबतीत आपली तागडी मला पटत नाही. अपंगत्वाचा भार कोण ठरवतो? सुरुवातीच्या तक्त्यांत पूर्ण अंधत्वाला ०.६ भार होता. २०१० च्या तक्त्यात तो ०.२ च्याही खाली आला. माणसे तशीच आंधळी होती. बदलला तो प्रश्न आणि तो कुणाला विचारायचा हे. आधी आरोग्यतज्ज्ञांना विचारले होते, नंतर सर्वसामान्य लोकांना दोन माणसांचे वर्णन वाचून दाखवून ‘यातला अधिक निरोगी कोण’ असे विचारले गेले. उत्तर एवढे हलत असेल, तर साडेतीन वर्षे हा आकडा माझ्या १,०४,१०० पेक्षा पक्का कसा? त्याच काळात तरुण माणसाच्या वर्षाला अधिक वजन देण्याची पद्धतही सोडून देण्यात आली. ती सोडली हे चांगलेच झाले, पण वीस वर्षे ती चालली होती.

आणि दोन पाय एकाच तागडीत बसतात, हा गुण आहे तसाच दोषही आहे. खुर्चीवर बसून काम करणाऱ्याचा घोटा आखडला तर त्याचा पगार चालू राहतो. माझ्या भावाला आता फडात कुणी बोलावत नाही.

माणदेशी (दहिवडी)

दोष कामाच्या व्यवस्थेचा आहे, पायाचा नाही; तो नुकसानभरपाईत मोजावा, आजाराच्या भारात मिसळू नये. अंधत्वाचे भार बदलले ही टीका योग्य आहे. तरीही ते सगळ्या आजारांसाठी एकाच प्रश्नाने बदलले, म्हणून आजारांची आपापसांत तुलना शक्य राहते. आपल्या वहीतला व्याजदर सावकारागणिक बदलतो.

परिचारिका (कराड)

मी बावीस वर्षे वॉर्डात काढली आहेत. आपण दोघेही ज्या आकड्यांवर भांडत आहात ते कुठून येणार, हे विचारण्यासाठी लिहिते आहे.

सहा महिन्यांनी परिणाम विचारावा, हे ऐकायला बरोबर वाटते. पण परत येतो कोण? ज्याचा पाय चिघळला तो, किंवा ज्याचे घर जवळ आहे तो. ऊसतोडीच्या हंगामात दाखल झालेला माणूस बीडचा किंवा जतचा असतो. मार्चनंतर टोळी निघून जाते. नोंदवहीतला फोन मुकादमाचा असतो आणि मुकादम पुढच्या वर्षी दुसऱ्या कारखान्याला गेलेला असतो. अशा वेळी सापडलेल्या माणसांवरून टक्केवारी काढली, तर ती सापडलेल्यांचीच असते. ज्याला आपण ‘खरा परिणाम’ म्हणता, तो त्यामुळे घरी सोडतानाच्या कागदापेक्षाही अधिक फसवा होऊ शकतो. न सापडलेल्यांचा आकडा शेजारी लिहिलाच पाहिजे. क्षयाच्या कार्यक्रमात ‘उपचारातून सुटले’, म्हणजे मध्येच ज्यांचा संपर्क तुटला, असा वेगळा रकाना असतो, तो याचसाठी.

कृष्णाकाठ यांना आणखी एक सांगते. ‘सरीत उतरता येते का’ हा प्रश्न आपल्या भावासाठी नेमका आहे, पण तो शिंप्याला लागू नाही. जगभर वापरात असलेली पाच प्रश्नांची एक साधी प्रश्नावली आहे: चालणे, स्वतःची कामे, नेहमीचे काम, वेदना आणि मनाची काळजी-उदासी. ‘नेहमीचे काम’ म्हणजे ज्याचे त्याचे काम, त्यामुळे फडही त्यात येतो आणि शिवणयंत्रही. भारतातल्या लोकांच्या उत्तरांवरून तिचे मूल्यतक्ते, म्हणजे कोणत्या उत्तराला किती गुण द्यायचे याचे तक्ते, २०२२ मध्ये तयार झाले आहेत. आशाताई फोनवर पाच मिनिटांत विचारू शकतात. मात्र आशाताईंच्या डोक्यावर आधीच किती नोंदवह्या आहेत, हे विसरून ही सूचना कुणी करू नये. या कामाचा मोबदला वेगळा द्यावा लागेल.

द्राक्षबागायतदार (तासगाव)

सगळ्यांचा आदर राखून सांगतो, मला ही चर्चाच उलट्या टोकाने चाललेली दिसते. वर्षे मोजा की रुपये, रात्री दोन वाजता ग्रामीण रुग्णालयात लसीच्या कुप्या आहेत का आणि श्वास थांबला तर नळी घालणारा डॉक्टर आहे का, एवढेच महत्त्वाचे. मोजणीवर खर्च होणारा पैसा कुप्यांवर करावा.

परिचारिका (कराड)

कुप्या किती मागवायच्या, हे मागच्या वर्षी किती दंश नोंदले गेले त्यावरूनच ठरते. सुरुवातीलाच एका रुग्णाला आठ-दहा कुप्या लागतात. घरी मेलेली मुलगी नोंदलीच गेली नाही, तर पुढच्या वर्षी त्या वस्तीजवळच्या केंद्राला तिच्या वाट्याच्या कुप्या मिळणार नाहीत. केंद्र सरकारने २०२४ मध्ये राज्यांना सर्पदंश हा नोंद बंधनकारक असलेला आजार करावा असे सुचवले, आणि २०३० पर्यंत मृत्यू निम्म्यावर आणण्याचे उद्दिष्टही ठेवले आहे. निम्मे म्हणजे कशाचे निम्मे, हे मोजल्याशिवाय कसे कळणार?

द्राक्षबागायतदार (तासगाव)

मृत्यू आणि दंश यांची नोंद हवी, हे मान्य. म्हशीच्या तोट्याची नोंद घेऊन कोणत्या कुप्या वाढणार, हे मला अजूनही कळलेले नाही.

कृष्णाकाठ (तालुका वाळवा)

कुप्या वाढणार नाहीत, पण मदत कुणाला पोचते ते दिसेल. गोपीनाथ मुंडे यांच्या नावाच्या शेतकरी अपघात योजनेत सर्पदंशाने मृत्यू झाल्यास दोन लाख आणि एक अवयव निकामी झाल्यास एक लाख मिळतात. भावाच्या नावावर तीस गुंठे आहेत, पण पाय शाबूत आहे, फक्त घोटा वळत नाही, म्हणून आम्ही अर्जही केला नाही. ज्या टोळीचे ताई वर्णन करतात, त्यातल्या कित्येकांच्या घरात सातबाराच नाही, त्यांना ही योजना लागूच होत नाही. हे दोन्ही प्रकार वर्षांच्या हिशोबात दिसत नाहीत आणि रुग्णालयाच्या शून्य बिलातही दिसत नाहीत. माणदेशी म्हणतात तसे नुकसानभरपाईत मोजायचे, तरी मोजायला वही लागेलच.

एवढ्या चर्चेनंतर माझी मागणी बदलली आहे. मृत्यू आणि अपंगत्व वर्षांत लिहा, घराचा खर्च रुपयांत लिहा, आणि दोन्हींची बेरीज कुणी करू नये. ताईंचे पाच प्रश्न आणि न सापडलेल्यांचा रकाना मी गावातल्या आशाताईंना दाखवणार आहे. वहिनीच्या वहीवरून खर्चाचा एक पानी तक्ताही केला आहे. त्यात ‘सोबतचा माणूस: किती दिवस, कोणते काम सोडून’ हा रकाना सर्वांत वर घेतला आहे.

माणदेशी (दहिवडी)

तक्ता इथे टाकावा. सोबतच्या माणसाच्या रकान्यात ‘रोजगार नाही’ असा पर्याय ठेवू नये, एवढी विनंती आहे; त्यात घरातल्या सगळ्या बायका जाऊन बसतील. आणि दवाखान्यात पोचण्याआधी मृत्यू झाला असेल, तर ते पान कुणी भरायचे, हेही त्यावर लिहावे.