२७ डिसेंबर, आनंदवल्ली (नाशिक): सगळे पॅक झाल्यावर पत्ते दाखवायचे का?

प्रेषक: केदार

मंडळी,

आपल्या पोकरच्या रात्रीचा नियमांचा कागद गुरुवारी छापायला टाकायचाय. यंदा मोठ्या अक्षरांत, बापूकाकांची तक्रार लक्षात ठेवून. बाकी सगळं गेल्या वर्षीचंच, फक्त कलम ७ अडलंय: बाकी सगळ्यांनी पॅक केलं, म्हणजे पत्ते टाकून डाव सोडला, तर जिंकणाऱ्याने आपले पत्ते दाखवायचे का. गच्चीवर काय झालं ते सगळ्यांना ठाऊक आहे, पुन्हा उगाळत नाही.

माझा मसुदा: "बाकी सगळ्यांनी पॅक केलं तर जिंकणाऱ्यावर पत्ते दाखवण्याची सक्ती नाही."

हो की नाही, एवढंच कळवा. चर्चा नको, माझी इथे ऑफिसची वर्षअखेर चालू आहे.

---

प्रेषक: सुलभाताई

नाही.

घरच्यांत खेळतोय तर लपवायचं काय? मी राण्यांची जोडी टाकली त्या डावात. मुकुंदकडे काय होतं ते आज डिसेंबर आला तरी कळलेलं नाही. विचारलं की हसतो. दाखवायचे म्हणजे दाखवायचे, सरळ लिहा.

आणि केदार, चादरी आपल्या आपण आणायच्या की तिथे मिळणार? गंगापूर धरणाकडून वारा येतो तो गच्चीवर थेट अंगावर येतो.

---

प्रेषक: मुकुंद

> मुकुंदकडे काय होतं ते आज डिसेंबर आला तरी कळलेलं नाही

ताई, राण्या तुम्ही टाकल्यात. मी टाकायला लावल्या नाहीत.

टेबलावर सगळ्यांसाठी उताणे असलेल्या सामाईक पत्त्यांत राजा होता आणि तीन किलवर. पॉटमध्ये, म्हणजे मधल्या ढिगात, ६००, मी आणखी ६०० लावले. माझे पत्ते बघायची किंमत तेवढीच होती. ६०० टाकून १२०० मिळवायची संधी होती. म्हणजे मी तीनदा असं लावलं आणि त्यातलं एकदा जरी थाप मारत असलो, तरी तुमचं नुकसान नव्हतं. तुम्ही ते ६०० वाचवलेत, छान केलंत. पण वाचवलेल्या पैशांत पत्तेही बघायला मिळावेत, हे कुठल्या टेबलावर चालतं?

सक्ती लावलीत तर ब्लफ करणारच कोण? प्रत्येक थाप लगेच उघडी पडणार. मग दुसऱ्या तासापासून सगळे एक्का बघून लावणार आणि बाकीचे जांभया देणार. त्यापेक्षा मेंढीकोट खेळू.

केदार, माझं "हो" धर.

---

प्रेषक: बापूकाका, लेस्टर

मुकुंदाचं बरोबर आहे, पण कारण चुकीचं सांगतोय.

दिवाळीत आमच्या रविवार कारंज्याच्या वाड्यात तीन पत्ती बसायची. तिथेसुद्धा सगळे पॅक झाले की उरलेला माणूस पत्ते तसेच गड्डीत सरकवायचा. "दाखव रे" म्हणायची कुणाची छाती नव्हती. शो हवा तर दोघं उरल्यावर चाल मोजून मागा. साइड शोसुद्धा, म्हणजे शेजाऱ्याशी गुपचूप पत्ते ताडून बघणं, शेजारचा नाही म्हणू शकतो. आमच्या आजीने जन्मभर कुणाला साइड शो दिला नाही.

उलट बाजूही सांगतो, कारण मी दोन्हीकडचा आहे. १९९९ साली इथे चॅनेल फोरवर रात्री पोकर दाखवायला लागले तेव्हा टेबलाच्या कडेला काच आणि खाली कॅमेरा बसवला होता. घरी बसलेल्याला सगळ्यांचे पत्ते दिसायचे. तेव्हा कुठे लोकांना त्यात गंमत वाटायला लागली, आधी नुसते चष्मे लावलेले मख्ख चेहरे बघायचे. २००३ साली पोकरच्या वर्ल्ड सिरीजच्या शेवटच्या लढतीत मनीमेकरने फराला हाणलं तेही तसंच. टेबलावर नव्वी, दुर्री, छक्की, अठ्ठी, तिर्री. फराकडे नव्व्यांची जोडी. मनीमेकरकडे राजा-सत्ती, म्हणजे शून्य. सगळ्या चिप्स पुढे ढकलल्या आणि फराने पत्ते टाकले! नंतर मनीमेकर पंचवीस लाख डॉलर घेऊन गेला. आपल्याला ते कळलं ते कॅमेऱ्यामुळे.

तेव्हा खेळणाऱ्यांना दाखवू नका, पण बघणाऱ्यांसाठी काहीतरी सोय करा. निम्मी मंडळी बघायलाच येतात.

---

प्रेषक: स्मिता

बापूकाका, तीन पत्तीत साइड शो नाकारायला हरकत नाही, पण बऱ्याच घरांत सलग तिसऱ्यांदा मागितला तर द्यावाच लागतो. आमच्या पंचवटीत तसंच होतं.

कलम ७ शी माझं देणंघेणं नाही. कलम २ मध्ये "चिप्स ३०० रुपयांना" असं लिहिलंय ते आधी काढा. महाराष्ट्राचा जुगार प्रतिबंधक कायदा १८८७ सालचा आहे, पण जिवंत आहे. जेवणाची वर्गणी वेगळी घ्या, चिप्स सगळ्यांना सारख्या आणि फुकट वाटा, शेवटी त्यांचे पैसे कुणालाही परत देऊ नका. बक्षीस चिवड्याचं पाकीट. मुकुंदने वर "६०० वाचवलेत" लिहिलंय ते चिप्स आहेत, रुपये नाहीत, हे इथे नोंदवून ठेवते.

---

प्रेषक: बापूकाका, लेस्टर

> सलग तिसऱ्यांदा मागितला तर द्यावाच लागतो

पंचवटीत असेल. गावात नाही.

---

प्रेषक: अनघा

मी दोन दिवस गप्प होते, कारण मला वाटलं कुणीतरी हे बोलेल. कुणी बोलत नाहीये.

गच्चीवरचं भांडण मुकुंदने पत्ते दाखवले नाहीत म्हणून झालंच नव्हतं. त्याने ते मागे खुर्चीत बसलेल्या प्राचीला दाखवले, ती खुदकन हसली, आणि पुढच्याच डावात प्राची टेबलावर येऊन बसली. आता टेबलावर एकीला माहीत आहे की मुकुंद तीन किलवरांवर थाप मारतो की नाही, आणि बाकी सहा जणांना माहीत नाही. ताईंचा राग तिथला आहे. राण्यांचा नाही.

यावर नियम जुनाच आहे: एकाला दाखवले तर सगळ्यांना दाखवायचे. इथल्या आमच्या कार्डरूममध्ये डीलर स्वतःच उलटून ठेवतो, विचारतसुद्धा नाही. सक्ती कुणावरच नाही, कुणालाच दाखवू नका. पण शेजाऱ्याला तिरके धरलेत की ते सगळ्यांचे झाले. एकच पत्ता दाखवला तर तो एक सगळ्यांना.

ताई, तुमच्यासाठी: तुम्ही कॉल केला असता, म्हणजे तेवढेच ६०० टाकून पत्ते मागितले असते, तर मुकुंदला आधी उघडावे लागले असते. शेवटच्या फेरीत ज्याने शेवटी लावलं तो पहिला दाखवतो. कुणीच लावलं नसेल तर डीलरच्या डावीकडून. मागून हरणारा न दाखवता टाकू शकतो, पण कॉल करणाऱ्याने आपले पत्ते हातात ठेवून लावणाऱ्याचे मागितले तर ते दाखवावेच लागतात. पत्ते फेकून मग "बघू बघू" म्हटलं तर हक्क गेला. ऑल-इनचं, म्हणजे कुणी आपल्या सगळ्या चिप्स लावल्या तर त्याचं, वेगळं. स्पर्धेत कुणी ऑल-इन झाला आणि पुढे लावायचं कुणाचं राहिलं नाही, की सगळ्यांचे पत्ते लगेच उताणे. कारण साधं आहे, दोन दोस्त एकमेकांना गुपचूप चिप्स हरू नयेत. २००१ मध्ये स्पर्धा चालवणाऱ्यांची संघटना झाली, तिचे नियम आता बहुतेक ठिकाणी चालतात. केदार, तेच उचल, स्वतः कलमं लिहीत बसू नकोस.

राहता राहिला प्रश्न आपणहून दाखवण्याचा. मुकुंद म्हणतो दाखवणं म्हणजे तोटा. नेहमी नाही. पहिल्या अर्ध्या तासात थाप मारून जिंकलात आणि मुद्दाम उघडी केलीत, तर पुढे एक्क्यांची जोडी आली की लोक कॉल करतात. उलट सुरुवातीला दोनदा खरे चांगले पत्ते दाखवा, मग तिसऱ्यांदा सत्ती-दुर्रीवर सगळे वाट देतात. दाखवायचं तर पुढे डाव शिल्लक असताना. रात्री दीडला शेवटच्या डावात दाखवणारा फक्त मिरवत असतो, त्याला त्यातून काही मिळत नाही. आपल्यात तर तेही धोक्याचं, कारण पुढच्या डिसेंबरला हीच माणसं समोर असतात आणि ताई काही विसरत नाहीत.

माझ्यापुरतं म्हणाल तर मी दाखवत नाही. ताईंना दया येऊन दाखवले की त्यांना माझी लावायची पद्धत कळते, आणि त्यांचं समाधान होतच नाही ते वेगळंच. "अगं, मग मी टाकायलाच नको होते," हे सुरू होतं.

---

प्रेषक: मुकुंद

प्राची माझी बायको आहे.

---

प्रेषक: सुलभाताई

म्हणूनच.

अनघाचं पटलं. मला पत्ते बघायचेच आहेत असं नाही, पण प्राचीला दिसले तर मलाही दिसायला हवेत. माझं "नाही" मागे. पण बघणाऱ्यांच्या खुर्च्या खेळणाऱ्यांच्या पाठीशी नकोत.

---

प्रेषक: बापूकाका, लेस्टर

खुर्च्या पाठीमागे नाहीत तर आम्ही बघायचं काय, गोदावरी?

एक तोडगा. बघणाऱ्याने एकाच्याच मागे बसावं, सगळ्या टेबलाभोवती फिरू नये, आणि तोंड मिटून बसावं. ज्याच्या मागे बसला त्याच्या टेबलावर त्या रात्री त्याने खेळायला बसू नये. मी दोन्ही वर्षं बघायलाच होतो, मला चालेल.

---

प्रेषक: विनय

मी २६ ला रात्री मुंबईत उतरतोय. समृद्धीने इगतपुरीपर्यंत येतो, पुढे त्र्यंबक रोडने की मुंबई नाक्यावरून? सिंहस्थाच्या कामांमुळे शहरात कुठे कुठे खणून ठेवलंय असं दादा म्हणत होता. आणि कलम ७ ला माझं हो आहे. नक्की कशाला हो म्हणतोय ते वाचलं नाही.

---

प्रेषक: केदार

चर्चा नको म्हटलं होतं. असो.

छपाईला जातंय ते असं:

"७. सगळे पॅक झाल्यास जिंकणाऱ्यावर पत्ते दाखवण्याची सक्ती नाही. एकाला दाखवले तर सगळ्यांना दाखवावे लागतील. नवरा, बायको, भाऊ, भाचा यांचा अपवाद नाही. कुणाचा खेळायचा निर्णय बाकी असताना पत्ते उघडे केल्यास पुढचा एक डाव बाहेर. कॉल झाल्यास शेवटी लावणारा आधी दाखवील. ऑल-इनमध्ये सगळे उताणे.

८. बघणाऱ्याने एकाच खेळाडूमागे बसावे. त्या टेबलावर त्या रात्री त्याला खेळता येणार नाही."

कलम २ स्मितावहिनी म्हणाल्या तसं बदललंय. चिप्स फुकट, जेवणाची वर्गणी वेगळी. चादरी आपापल्या आणा. विनय, त्र्यंबक रोडने ये, पण घोटीला पोचलास की फोन कर, तोवर कुठला रस्ता उघडा आहे ते बघून सांगतो.

गड्ड्या दोन लागतील, प्लॅस्टिकच्या. मागच्या वेळच्या गड्डीत किलवरच्या सत्तीचा कोपरा दुमडलेला होता, ती कुणी आणू नका.

---

प्रेषक: मुकुंद

> किलवरच्या सत्तीचा कोपरा दुमडलेला होता

हे तू आत्ता सांगतोयस?

---

प्रेषक: सुलभाताई

म्हणजे मुकुंद, तुझ्याकडे सत्ती होती तर.