क्लेब्सिएलाच्या फेजवर परदेशी प्रयोगशाळेबरोबर संयुक्त प्रकल्प: पैसा, परवानग्या, ने-आण

मुळाकाठ:
नमस्कार. पुण्यात खासगी न्यासाच्या महाविद्यालयात सांडपाण्यातून वेगळे केलेले, क्लेब्सिएला न्यूमोनिया या जिवाणूचे ४० फेज (जिवाणूंना मारणारे विषाणू) आहेत. बेल्जियममधली एक प्रयोगशाळा संयुक्त प्रकल्पाला तयार आहे. त्यांचं म्हणणं, फेज आणि रुग्णांच्या नमुन्यांतले १०० जिवाणू दोन्ही तिकडे पाठवा, कुठला फेज कशाला मारतो ते आम्ही तपासतो. पैसा कोणत्या दाराने मागावा, परवानग्या कोणत्या क्रमाने घ्याव्यात आणि फेज जिवंत पोचावेत म्हणून पॅकिंग कसं करावं, एवढं हवंय. प्रकल्प तीन वर्षांचा धरला आहे.

सह्यकडा:
आधी पैशाचं ठरवा, कारण पुढच्या परवानग्यांची वाट त्यावरच ठरते.

युरोपबरोबर प्रतिजैविक-प्रतिकारावर काम असेल तर जेपीआयएएमआर (या विषयावरची अनेक देशांची मिळून निधी-योजना) आणि तिच्या पुढची वन हेल्थ एएमआर (प्रतिजैविक-प्रतिकार) भागीदारी हा सरळ रस्ता. यात एकच मोठी थैली नसते. प्रत्येक देशाची संस्था आपापल्या भागीदाराला पैसे देते, म्हणजे भारताचा हिस्सा डीबीटीकडून (केंद्राच्या जैवतंत्रज्ञान विभागाकडून) येतो आणि परदेशी पैसा तुमच्या खात्यात येतच नाही. मात्र प्रत्येक कॉलमध्ये (प्रस्ताव मागवण्याच्या फेरीत) भारत असतोच असं नाही. यादीत डीबीटी आहे का, खासगी न्यासाचं महाविद्यालय त्यांच्या नियमात बसतं का, हे प्राथमिक प्रस्तावाच्या आधी डीबीटीच्या संपर्क अधिकाऱ्याकडून ईमेलवर लेखी घ्या. एक भागीदार अपात्र ठरला तर सगळा गटच बाद होऊ शकतो. बहुतेक कॉलमध्ये किमान तीन देश लागतात, त्यामुळे तुम्ही दोघे पुरणार नाही.

जर्मन भागीदार मिळाला तर गुरुग्रामचं भारत-जर्मन विज्ञान तंत्रज्ञान केंद्र आहे. त्यांच्या 'दोन अधिक दोन' योजनेत दोन्हीकडून एकेक संशोधन संस्था आणि एकेक कंपनी लागते. कंपनी नावापुरती असली तर परीक्षकांच्या लगेच लक्षात येतं. कार्ब-एक्स या प्रतिजैविक-प्रतिकारावरच्या जागतिक निधीचं नाव सगळे घेतात, पण तो पैसा उत्पादन विकसित करणाऱ्यांसाठी आहे. डेन्मार्कच्या स्निपर बायोम कंपनीला त्यांनी मदत केली, कारण तिच्या हाती औषध म्हणून पुढे नेण्याजोगा ठरावीक फेज-संच होता. ४० फेजचा संग्रह घेऊन तिथे जाऊ नका.

बेल्जियमने थेट पैसे पाठवायचे ठरवलं तर न्यासाची एफसीआरए (परदेशी देणग्यांचा कायदा) नोंदणी आहे का ते पाहा. नसेल आणि केंद्राची पूर्वपरवानगीही नसेल तर तो रस्ता बंद समजा. असेल तरी २०२० च्या दुरुस्तीपासून पैसा दिल्लीतल्या स्टेट बँकेच्या मुख्य शाखेतल्या खात्यातच यावा लागतो, प्रशासकीय खर्च २० टक्क्यांवर जात नाही आणि आलेली रक्कम दुसऱ्या संस्थेला पुढे देता येत नाही. रुग्णालयाला त्यातून वाटा देऊ असं ठरवलं असेल तर ते आत्ताच सोडा.

हिरवीशाई:
सह्यकडांच्या पहिल्या वाक्याला जोडून सांगतो. जैवविविधता कायद्यात सूक्ष्मजीव 'जैविक संसाधन' आहेत, म्हणून नाल्यातला फेजसुद्धा त्यात येतो. परदेशी संस्थेला तो द्यायचा तर राष्ट्रीय जैवविविधता प्राधिकरणाची मंजुरी लागते. पण कलम ५ नुसार, केंद्राच्या २००६ च्या मार्गदर्शक सूचनांप्रमाणे असलेल्या आणि केंद्र सरकारने मंजूर केलेल्या संयुक्त प्रकल्पाला या मंजुरीतून सूट मिळते. डीबीटीच्या मार्गाने गेलात तर ही सूट हाताशी येते, दोन प्राध्यापकांनी आपसात ठरवलं तर येत नाही. पेटंट घ्यायचं झालं तर कलम ६ वेगळं लागू होतं, त्याला ही सूट नाही. फॉर्म मात्र २०२४ च्या नव्या नियमांप्रमाणेच भरा, जुन्या प्रस्तावातले क्रमांक उतरवून घेऊ नका.

रुग्णांचे जिवाणू आले की आरोग्य मंत्रालयाची छाननी समिती, म्हणजे एचएमएससी. कामकाज आयसीएमआर बघते. परदेशी भागीदार असलेल्या आरोग्य-संशोधनाला ती लागतेच, नमुने देशाबाहेर जावोत न जावोत. अर्ज करताना नीतिमत्ता समितीचं पत्र हातात हवं. म्हणून क्रम असा धरा: संस्थेची जैवसुरक्षा समिती आणि नीतिमत्ता समिती, मग साहित्य-हस्तांतर कराराचा मसुदा, मग एचएमएससी. प्राधिकरणाचा अर्ज लागणार असेल तर तो याच्याबरोबरीने. या सगळ्याला वेळापत्रकातले पहिले सहा महिने द्या आणि त्या काळात परदेशी भागीदाराचं कुठलंच काम तुमच्या नमुन्यांवर अवलंबून ठेवू नका.

करारात एक कलम लोक हमखास विसरतात. तुमचा फेज त्यांच्या जिवाणूवर वाढवत नेल्यावर जो बदललेला फेज मिळतो तो कोणाचा? तो 'मूळ साहित्याचा वंशज' आहे असं स्पष्ट लिहा. नाहीतर सहा महिने वाढवून सुधारलेला फेज 'नवीन' म्हणून तिकडेच नोंदला जातो.

ल्यूव्हेनकर:
मला हा आराखडाच उलटा करावासा वाटतो. रुग्णांचे जिवाणू पाठवूच नका. क्लेब्सिएलाचा फेज सहसा जिवाणूच्या बाहेरच्या आवरणाच्या प्रकाराला (के-प्रकाराला) बांधलेला असतो. १०० जिवाणूंचे जनुकसंच पुण्यातच वाचा, कॅप्टिव्ह हे सॉफ्टवेअर चालवून के-प्रकार काढा आणि ती यादी पाठवा. त्यावरून बेल्जियमवाले त्यांचे जुळणारे फेज तुमच्याकडे पाठवतील आणि चाचणी तुमच्या जिवाणूंवर तुमच्याच टेबलावर होईल. फेज आत येणं हे रुग्णाचे जिवाणू बाहेर जाण्यापेक्षा पुष्कळ सोपं. सरकारी पैशाने वाचलेले जनुकसंच फरिदाबादच्या भारतीय जैविक डेटा केंद्रातही जमा करायचे असतात, ते वेळापत्रकात धरा.

चाचणीत मोठी फसगत ठिपका-चाचणीची (जिवाणूंच्या थरावर फेजचा थेंब टाकून पाहण्याची) होते. या फेजमध्ये आवरण विरघळवणारं विकर असतं. ठिपक्याच्या जागी धूसर वलय दिसतं, प्लेट तशीच ठेवली तर दोन दिवसांनी ते आणखी पसरतं, आणि नोंद होते 'संवेदनशील'. प्रत्यक्षात फेज आत शिरलेलाही नसतो. म्हणून ठिपका फक्त चाळणीपुरता वापरा, पुढे दहापट विरलने करून सुटे प्लाक (फेजने जिवाणू मारून पाडलेले स्वच्छ डाग) मोजा आणि ईओपी (फेजच्या नेहमीच्या यजमान जिवाणूवरच्या प्लाकच्या तुलनेत या जिवाणूवर किती प्लाक पडले ते प्रमाण) काढा. ०.५ च्या वर असेल तर चांगला, ०.१ ते ०.५ मध्यम, त्याखाली असलेला फेज मिश्रणात घेऊ नये. दोन्ही प्रयोगशाळांनी एकच फेज, एकच यजमान आणि वरच्या थरात ०.५ टक्के अगार घेऊन आधी एकमेकांशी आकडे ताडून पाहावेत. दहापट फरक आला तर थांबा आणि अगार, कॅल्शियम, प्लेटचा ओलेपणा तपासा.

तुमचे फेज तिकडे पाठवायचे झाले तर पॅकिंगसाठी एसएम बफर (फेज ठेवण्याचं द्रावण), १ लिटरला: मीठ ५.८ ग्रॅम, मॅग्नेशियम सल्फेट हेप्टाहायड्रेट २ ग्रॅम, ७.५ पीएचचं १ मोलर ट्रिस ५० मिली, २ टक्के जिलेटिन ५ मिली. लायसेट (जिवाणू फुटून फेज बाहेर पडलेलं द्रावण) ०.२२ मायक्रॉनमधून गाळा. क्लोरोफॉर्म घालून पाठवू नका, ते धोकादायक माल म्हणून अडवलं जातं. मिलिलिटरला किमान दहा कोटी पीएफयू (प्लाक पाडू शकणारे फेज) ठेवा, विरळ फेज प्लॅस्टिकला चिकटून संपतात. रबरी कडीच्या झाकणाच्या नळीत १ मिली, भोवती शोषक कागद, बाहेर गळती न होणारा दुसरा डबा, मग खोका. जेलपॅक २ ते ८ अंशांचे. कोरडा बर्फ नको: ग्लिसरॉलशिवाय गोठलेला फेज वितळल्यावर अर्धाही उरेल याची खात्री नसते, आणि सैल झाकणातून कार्बन डायऑक्साइड शिरला की पीएच खाली येतो. त्याच तुकडीच्या दोन नळ्या पुण्यात ठेवा आणि पार्सल पोचेल त्या दिवशी दोन्हीकडे मोजणी करा, म्हणजे घट प्रवासात झाली की साठवणीत ते कळतं.

मुळाकाठ:
आराखडा उलटा करतो, हे पटलं. तिसऱ्या वर्षात जखमेवर लावण्याचं मिश्रण रुग्णांवर तपासायचं प्रस्तावात लिहिलं होतं. ते ठेवावं का?

सह्यकडा:
काढा. फॅगोबर्न या भाजलेल्या जखमांवरच्या फेज-चाचणीचं अंदाजपत्रक पाहिलं की कारण कळतं. युरोपीय संघाने २०१३ मध्ये त्यासाठी ३८ लाख युरो दिले, फ्रान्स, बेल्जियम आणि स्वित्झर्लंडमधली भाजलेल्या रुग्णांची केंद्रं त्यात होती. पैशाचा आणि वेळेचा मोठा वाटा औषधाच्या दर्जाचे फेज बनवण्यातच गेला. २२० रुग्णांचं ठरलं होतं, शेवटी २७ झाले. स्यूडोमोनास या जिवाणूच्या १२ फेजचं मिश्रण मिलिलिटरला दहा लाख पीएफयू जायला हवं होतं. तयार झाल्यानंतर ते टिकलं नाही आणि प्रत्यक्षात दहा ते शंभरच पोचले. सिल्व्हर सल्फाडायझिन या नेहमीच्या मलमापेक्षा जंतू हळू कमी झाले, पण त्या मात्रेवर फेजच्या परिणामाबद्दल ठामपणे काही म्हणता येत नाही.

तिसऱ्या वर्षात त्याऐवजी हे लिहा: निवडलेले तीन फेज, प्रत्येक वेगळा आणि मिश्रणात, ४ आणि २५ अंशांवर १२ महिने, दर महिन्याला मोजणी, जोडीला एंडोटॉक्सिन (जिवाणूंच्या भिंतीतून सुटणारं विष). शिरेतून द्यायची मर्यादा किलोमागे तासाला ५ एकक आहे, ६० किलोच्या माणसाला तासाला ३००. क्लेब्सिएलाच्या कच्च्या लायसेटमध्ये एका मिलिलिटरलाच त्याच्या कितीतरी पट निघतं, तेव्हा शुद्धीकरणात किती फेज गमावता हा आकडाही त्याच तक्त्यात हवा.