नर्सिंग करून मग मेडिकल स्कूल? (अमेरिका) लेकीसाठी सल्ला हवा आहे

नमस्कार मंडळी,

लेक बारावीत आहे, इथे अमेरिकेतच. कॉलेज नक्की करायला १ मेपर्यंत मुदत आहे आणि तिच्या हातात दोन पत्रं आहेत. एका ठिकाणी बायॉलॉजी, दुसरीकडे चार वर्षांचं बीएसएन (नर्सिंगची पदवी), पहिल्या वर्षापासून थेट नर्सिंगला प्रवेश. तिला डॉक्टर व्हायचंय, हे नववीपासून ठरलेलं; इथे मेडिकल स्कूल पदवीनंतर असतं. तरी तिचा कल नर्सिंगकडे आहे आणि दोन आठवडे झाले, माझा डोळ्याला डोळा नाही.

तिचं म्हणणं मला कळतं. बायॉलॉजी केलं आणि मेडिकलला नंबर लागला नाही तर पुढे काय? नर्सिंग केलं तर एनक्लेक्स ही परवान्याची परीक्षा देऊन आरएन (परवानाधारक नर्स) होईल, कमावता कमावता पुन्हा अर्ज करेल. मेडिकल स्कूलला पदवीला अमुकच मेजर (मुख्य विषय) लागतो असंही नाही. आणि पेशंटच्या उशाशी उभं राहायची सवय नर्सिंगमध्ये जशी होईल, तशी सुट्टीत हॉस्पिटलात व्हॉलंटिअर म्हणून जाऊन व्हायची नाही.

घोडं अडतं ते वेळापत्रकापाशी. परवा रात्री नर्सिंगचा आठ सेमिस्टरचा तक्ता छापला आणि पेन्सिल घेऊन बसले. मेडिकलला बहुतेक ठिकाणी बायॉलॉजी, जनरल केमिस्ट्री, ऑरगॅनिक केमिस्ट्री आणि फिजिक्स वर्ष-वर्षभर लागतं, लॅबसकट. वर बायोकेमिस्ट्री. या तक्त्यात केमिस्ट्री एकच सेमिस्टर, तीही आरोग्यशाखांच्या मुलांसाठीची वेगळी. ऑरगॅनिक नाही, फिजिक्स नाही. दुसऱ्या वर्षापासून मंगळवार-गुरुवार क्लिनिकल (हॉस्पिटलातलं प्रत्यक्ष शिक्षण), पहाटे उठून पावणेसातला वॉर्डात हजर. ऑरगॅनिकची लॅब नेमकी गुरुवारी दुपारी. ती सोमवारी सरकवली तर पॅथोफिजिऑलॉजीच्या तासावर आली. खोडून खोडून त्या चौकोनात कागदाला भोक पडलं. शेवटी तिन्ही उन्हाळे भरून टाकले तेव्हा कुठे सगळं बसलं. मग एमकॅटचा, म्हणजे मेडिकलच्या प्रवेश परीक्षेचा, अभ्यास कधी करायचा? दिवसभराची परीक्षा आहे ती, ५२८ पैकी गुण, आणि साधारण निम्मा भर याच विषयांवर.

त्यात जीपीएचं (ग्रेडच्या सरासरीचं) आणखी एक. अ‍ॅमकॅसच्या, म्हणजे मेडिकल स्कूलांच्या सामायिक, अर्जात बायॉलॉजी, केमिस्ट्री, फिजिक्स आणि गणिताचा वेगळा सायन्स जीपीए निघतो. नर्सिंगचे विषय त्यात धरत नाहीत. म्हणजे ती फार्माकॉलॉजीत कितीही राबली तरी त्या आकड्यात ते दिसणार नाही. उलट मोजके विषय मोजले जाणार, त्यामुळे एखादी बी ग्रेडसुद्धा जड जाणार.

एक गोष्ट मनाला लागून राहिली आहे. माझी जवळची मैत्रीण वीस वर्षं नर्स आहे. तिच्यापुढे मी बोलून गेले, "डॉक्टर नाही झाली तर निदान नर्स तरी होईल." ती काही बोलली नाही, कप उचलून आत ठेवायला गेली. तेव्हापासून वाटतंय, की आपण हा रस्ता चुकीच्या कारणासाठी तर बघत नाही ना?

कुणी बीएसएन करून मेडिकलला गेलं आहे का? ऑरगॅनिक आणि फिजिक्स कधी घेतलंत? आज पुन्हा निवडायचं झालं तर काय निवडाल? कृपया स्पष्ट लिहा, वाईट वाटणार नाही.

प्रतिसाद

ताई, मी बीएसएन केलं, दोन वर्षं आयसीयूत आरएन होते, आता मेडिकलच्या दुसऱ्या वर्षाला आहे. पदवीच्या काळात मला ऑरगॅनिक जमलंच नाही. नोकरी लागल्यावर घेतलं: आठवड्यात बारा तासांच्या तीन पाळ्या, उरलेल्या दिवशी कॉलेज. झालं, पण वर्षं गेली.

तुमच्या लेकीने पहिल्या सेमिस्टरलाच सायन्सच्या मुलांची जनरल केमिस्ट्री घ्यावी. नर्सिंगच्या केमिस्ट्रीऐवजी ती चालेल का, आणि क्लिनिकलचा वार बदलून मिळतो का, हे १ मेच्या आत विभागाला विचारा आणि उत्तर ईमेलवर घ्या. तोंडी "बघू" म्हणाले तर त्यावर विसंबू नका.

मुलाखतीत मला खोदून विचारलं, नर्सिंग सोडून डॉक्टर का? "नर्सिंग हा माझा दुसरा पर्याय होता" असं म्हणायची सोय नव्हती, आणि माझ्या बाबतीत ते खरंही नव्हतं. रात्री तीनला व्हेंटिलेटरच्या सेटिंग बदलल्या की त्या का बदलल्या, हे मला मुळापासून शिकायचं होतं. तेच सांगितलं.

लेकीला एवढंच विचारा: मेडिकल कधीच झालं नाही, तरी पावणेसातला वॉर्डात जायला तिला आवडेल का? हो म्हणाली तर बीएसएन करू दे, उन्हाळे जातील ते जाऊ देत. नाही म्हणाली तर बायॉलॉजी घ्या. नुसती सोय म्हणून नर्सिंगची चार वर्षं निघत नाहीत, माझ्या वर्गात अशा मुली मधेच सोडून गेल्या.

धागाकर्ती

मनापासून आभार. तुमचा प्रश्न तिला वाचून दाखवला. ती लगेच काही बोलली नाही, मग म्हणाली, "मावशीबरोबर एक अख्खी शिफ्ट बघता येईल का?" मैत्रिणीला विचारायला आज संध्याकाळी तिच्या घरी जातेय. त्या दिवशीच्या बोलण्याबद्दल माफीही मागायची आहे. विभागाला सोमवारी लेक स्वतः फोन करणार आहे, काय म्हणाले ते इथे लिहीन.