बिडाचं सिलिंडर कास्टिंग: कोअरचं भोक बाजूला सरकलंय, बोअर कशावरून सेट करू?

कृष्णाकाठ (सांगली)

नमस्कार मंडळी. गॅरेजच्या कोपऱ्यात छोटा लेथ (दोन सेंटरमध्ये 350 मिमी) आणि बेंच ड्रिल आहे, तेवढ्यावर उभं वाफेचं इंजिन करायला घेतलंय. मापं स्टुअर्ट 10 व्ही या जुन्या इंग्लिश मॉडेलची: बोअर (सिलिंडरचा आतला व्यास) पाऊण इंच, स्ट्रोक (पिस्टनची धाव) पाऊण इंच, फ्लायव्हील 3 इंची. पॅटर्न (ओतकामाचे लाकडी नमुने) मित्राने सागवानात करून दिले, ओतकाम जवळच्याच एका छोट्या फाउंड्रीत झालं.

सिलिंडरमधलं कोअरचं (ओतताना पोकळीसाठी ठेवलेल्या वाळूच्या गाभ्याचं) भोक 15 मिमीचं आहे, फिनिश बोअर 19.05 हवा. पण हे भोक बाहेरच्या गोलाईच्या मधोमध नाही, मिलिमीटरभर स्टीम चेस्टच्या (वाफेच्या पेटीच्या) बाजूला गेलंय. थ्री-जॉ चकमध्ये (तिन्ही जबडे एकत्र हलणारी पकड) धरून 18 चं ड्रिल, मग बोअरिंग आणि रीमर (भोक नेमक्या मापाला आणणारं हत्यार), असं डोक्यात आहे. चालेल का?

दुसरी अडचण फ्लायव्हीलची. रिमवर दोन ठिकाणी टूल कापतच नाही, नुसतं घासतं. तेवढा भाग चकाकतो आणि एचएसएस (हाय स्पीड स्टील) टूलची धार जाते.

टूलरूम_पिंपरी

ड्रिल घालू नका. ड्रिल आणि रीमर दोन्ही आधीच्या भोकाच्या मागे जातात. कोअर सरकलाय तिकडेच तेही सरकणार, आणि वर थोडे तिरके जाणार. बोअरिंग टूलचं तसं नाही. ते लेथच्या अक्षाशी बांधलेलं असतं. एका बाजूने 3 मिमी माल काढावा लागला आणि समोरून 1 मिमी, तरी भोक सरळच येतं. कमी बाजूला मिलिमीटरभर शिल्लक आहे, म्हणजे कच्ची साल निघून स्वच्छ धातू लागेल.

आता मुख्य मुद्दा. जो भाग शेवटपर्यंत कच्चा राहणार आहे, त्याच्यावरून जॉब सेट करा. कोअरचं भोक तर तुम्ही कापूनच टाकणार, त्याच्याशी इमान कशाला? सिलिंडरची बाहेरची गोलाई आणि फ्लँजच्या (टोकांच्या रुंद कडांच्या) कडा जशाच्या तशा दिसणार आहेत. बोअर त्यांच्या मध्यात आला तर भिंत सगळीकडे सारखी राहते आणि कव्हरचे स्टड फ्लँजवर मधोमध बसतात.

त्यासाठी फोर-जॉ चक लागेल, त्याचे चारही जबडे वेगवेगळे हलतात. जॉखाली ॲल्युमिनियमच्या पट्ट्या ठेवा. कच्च्या बिडावर डायल गेज लावण्यात अर्थ नाही, वाळूच्या खरखरीवर काटा उड्या मारतो. सरफेस गेजच्या (बैठकीवरच्या उभ्या दांडीच्या) स्क्राइबरचं, म्हणजे अणकुचीदार सुईचं, टोक गोलाईच्या अगदी जवळ आणा, मागे पांढरा कागद धरा, चक हाताने फिरवा आणि फट बघा. फट कुठे दाटते, कुठे उघडते ते डोळ्यांना लगेच कळतं. समोरासमोरचे दोन जॉ एका वेळी हलवायचे. एक टोक जमलं की दुसऱ्या फ्लँजवर तेच करायचं, नाहीतर जॉब तिरका बसलेला कळणारच नाही. या कामाला अर्धा दिवस गेला तरी जाऊ द्या.

पहिला कट चांगला खोल घ्या. टूलचं टोक सालीच्या खाली शिरलं पाहिजे. वरवर खरवडलंत तर वाळूचे कण धार खातात. 15 च्या भोकात सुरुवातीला 10 मिमीचा बार बसेल, जागा झाली की 12 चा लावा. जितका जाड तेवढा बरा. एचएसएस असेल तर बिडाला मिनिटाला 20 मीटरच्या आसपास वेग धरा, 19 च्या बोअरला साधारण 330 आरपीएम. शेवटी खोली न बदलता दोन-तीनदा टूल फिरवून घ्या, म्हणजे बार लवल्यामुळे राहिलेला माल निघून जाईल. आणि चकमधून जॉब काढायच्या आधी त्याच सेटिंगमध्ये खालच्या फ्लँजचं फेसिंग करा, म्हणजे टोकाचा पृष्ठभाग सपाट कापा. हाच फेस स्टँडर्डवर (सिलिंडर पेलणाऱ्या खांबावर) बसणार, तो बोअरला काटकोनात असलाच पाहिजे. वरचा फेस मग मॅन्ड्रेलवर (बोअरमध्ये घट्ट बसणाऱ्या दांड्यावर) घ्या. पोर्टचा (वाफ आत-बाहेर जाण्याच्या भोकांचा) फेस सगळ्यात शेवटी: फेसप्लेटवर अँगल प्लेट, तिच्यावर सिलिंडर, समोर वजन लावून तोल साधायचा. बोअरमधला मॅन्ड्रेल दोन्ही टोकांना मोजला की फेस समांतर आहे का ते कळतं.

तेल-पाणी काही लावू नका, बीड कोरडंच कापतात. बेडवर कागद पसरा आणि मास्क घाला. ती काळी भुकटी तेलात मिसळली की बेडवेला पॉलिश पेपरसारखी घासते.

वाफेचा_नाद (ठाणे)

टूलरूम काकांनी सांगितलेलं बरोबरच, पण आणखी एक जुनी पद्धत आहे: सिलिंडर लेथच्या सॅडलवर (बेडवर सरकणाऱ्या भागावर) बांधायचा, बोअरिंग बार दोन सेंटरमध्ये फिरवायचा. 1775 च्या सुमारास इंग्लंडमधल्या लोखंडाच्या कारखानदार जॉन विल्किन्सनने जेम्स वॅटच्या वाफेच्या इंजिनाचे सिलिंडर याच तत्त्वावर बोअर केले, बारला दोन्ही टोकांना आधार देऊन. 50 इंची सिलिंडर कुठेही जुन्या शिलिंग नाण्याच्या जाडीइतकाही चुकत नाही, असं वॅटचा भागीदार बोल्टनने लिहून ठेवलंय. वॅटचं इंजिन कारखान्यांत चाललं त्यात या बोअरचा वाटा फार मोठा आहे, म्हणून मला ही पद्धत प्रिय.

टूलरूम_पिंपरी

उत्तम पद्धत, मोठ्या आडव्या इंजिनाला मीही तीच सांगेन. पाऊण इंचात मात्र नको. 15 च्या भोकातून जाणारा बार दोन सेंटरमध्ये एवढा लांब होतो की मधे लवतो.

ओतारी_शिरोली

फ्लायव्हीलच्या रिमबद्दल मी सांगतो, रोजचा विषय आहे. त्या जागी चिल पडलंय. पातळ भाग पटकन थंड झाला की कार्बन ग्रॅफाइट होऊन सुटत नाही, कार्बाइड म्हणून अडकून राहतो. त्याला आम्ही पांढरं बीड म्हणतो. वाळू ओली असली किंवा मालात सिलिकॉन कमी पडलं की हे हमखास होतं. रनरचा (साच्यात धातू जाण्याच्या वाटेत थिजलेल्या भागाचा) तुकडा जपून ठेवला असेल तर मोडून बघा: करडा दिसला तर धातू ठीक आहे आणि फक्त पातळ कडा चिल झाल्यात, पांढरा चकचकीत दिसला तर सगळा हीटच (भट्टीतून निघालेला अख्खा घाणाच) तसा आहे.

कानस अजिबात मारू नका, कानसच जाईल. हीट ट्रीटमेंटवाल्याकडे 900 अंशांच्या आसपास काही तास ठेवून भट्टीतच सावकाश थंड करून आणा. वर खपली येते आणि रिम थोडी वाकू शकते, म्हणून हे मशीनिंगच्या आधी.

कृष्णाकाठ (सांगली)

रनर मोडला, करडा निघाला. फ्लायव्हील उद्या ॲनीलिंगला (तापवून सावकाश थंड करायला) देतो. काका, तेही बाहेरून सेट करायचं ना?

टूलरूम_पिंपरी

नाही, बाहेरची बाजू तर तुम्ही टर्न करणार. रिमची आतली कड आणि आरे कच्चे राहणार, फोर-जॉमध्ये त्यांच्यावरून सेट करा. इंजिन चालताना नजर आतल्या कडेवरच जाते. ती डुलली की बाहेरून कितीही चकचकीत केलेलं असो, चाक वाकडंच दिसतं. हबचं भोक, हबचा फेस, रिमचा फेस आणि बाहेरचा व्यास जिथपर्यंत टूल पोचेल तेवढा, सगळं एकाच सेटिंगमध्ये. दुसरी बाजू मॅन्ड्रेलवर. 3 इंचाला 85 आरपीएमच्या आसपास लागतील. छोट्या लेथची मोटर एवढ्या कमी वेगात दम सोडते, तेव्हा कार्बाइड टिप लावून थोडा वेग वाढवा आणि कट हलका ठेवा.