‘सौम्य’ गाठ आणि छातीचा सीटी

नौपाड्याहून:
भाच्याच्या गुडघ्याजवळ हाडात गाठ निघाली. बायोप्सीत ‘जायंट सेल ट्यूमर’ आलं. डॉक्टर म्हणाले, ‘कॅन्सर नाही, सौम्य आहे. पण छातीचा सीटी काढून घ्या.’ ताई तिथेच अडली. सौम्य आहे तर छातीत काय शोधताय? ‘बिनाइन’ला ‘सौम्य’शिवाय दुसरा शब्द नाही का?

ऐरोलीहून (पॅथॉलॉजी लॅबमध्ये आहे):
ताईंचं बरोबर आहे. कोविडमध्ये ‘सौम्य लक्षणं’ म्हणजे कमी त्रास, हे डोक्यात बसलंय. गाठीच्या रिपोर्टात मात्र सौम्य म्हणजे पेशी कॅन्सरसारख्या नाहीत, एवढंच. त्रास कमी होईल असं त्यात कुठेही म्हटलेलं नाही. ही गाठ हाड पोखरते. खरवडून पोकळीत सिमेंट भरलं तरी काहींना पुन्हा होते. थोड्या रुग्णांत, शेकडा दोन-चार म्हणा, फुप्फुसातही पोचते. गंमत अशी, की तिथल्या पेशीही तशाच सौम्य दिसतात आणि पुष्कळदा ती गाठ रेंगाळत वाढते. पोरवयातल्या कोंड्रोब्लास्टोमा या हाडाच्या गाठीतही हे होतं, पण फारच क्वचित. डब्ल्यूएचओच्या २०२० च्या वर्गीकरणात जायंट सेल ट्यूमर सौम्य आणि दुर्दम (म्हणजे कॅन्सर) यांच्या मधल्या खणात आहे. आपल्याकडे त्या खणाला शब्दच नाही.

नौपाड्याहून:
‘निरुपद्रवी’ चालेल?

ऐरोलीहून:
अजिबात नको. हाड खाणारी गाठ निरुपद्रवी?

कोपरीहून (निवृत्त, संस्कृत शिकवायचो):
सौम्य आला सोमावरून. त्याच्या उलट उग्र. पत्रिकेत बुध सौम्य ग्रह, पण पापग्रहाच्या पंगतीला बसला की पापी! सुश्रुतानं गाठीला अर्बुद म्हटलंय. आधीच्या अर्बुदावर दुसरं उठलं तर अध्यर्बुद; जोडीनं किंवा एकामागून एक आली तर द्विरर्बुद, आणि ते असाध्य. आजच्या निदानाला मात्र हे चिकटवू नका.

घणसोलीहून:
छातीत पोचण्याला ‘स्थलांतर’ म्हणतात, तेही खटकतं. मी ठाणं सोडून इथे राहायला आलो, ते स्थलांतर. गाठ मूळ घर कुठे सोडते? ती शाखा काढते.

ऐरोलीहून:
‘शाखा’ आवडलं. ओपीडीत ‘पसरलंय’ म्हणतात आणि ऐकणाऱ्याचा धीरच सुटतो.

नौपाड्याहून:
रात्री ताईला हे सगळं वाचून दाखवलं. म्हणाली, ‘म्हणजे व्रात्य आहे म्हण की!’ सीटी गुरुवारी आहे.