कार्ड घेण्याआधी रॅम बघ
भावा, गेम अडकतोय म्हणून दहा हजारांत नवं ग्राफिक्स कार्ड घेऊ का विचारलंयस, तर जरा थांब. व्ही-सिंक (गेमचा फ्रेमचा वेग स्क्रीनच्या वेगाला बांधणारी सेटिंग) बंद करून खेळ आणि आफ्टरबर्नर या कार्डवर नजर ठेवणाऱ्या सॉफ्टवेअरमध्ये आकडे बघ. कार्डचा वापर ९५ टक्क्यांच्या वर चिकटून असेल तर कार्डच कमी पडतंय. साठावरच घुटमळत असेल तर बहुतेक प्रोसेसर नाहीतर रॅम मागं ओढतेय, नव्या कार्डाचे पैसे पाण्यात.

कोल्हापुरात राजारामपुरीतल्या खोलीवर माझंही असंच होतं. रॅमची ८ जीबीची एकच स्टिक, डबीवर वेग ३२०० छापलेला आणि चालत होती २१३३ वर. बायोसमध्ये (पीसी चालू होतानाच्या मूळ सेटिंगमध्ये) एक्सएमपी, म्हणजे रॅम छापील वेगानं चालवणारी सेटिंग, चालू केलं, तसलीच दुसरी जुन्यात उचलली, एक खाच सोडून बसवली. ड्युअल चॅनल झाल्यावर, म्हणजे दोन्ही स्टिक एकदम कामाला लागल्यावर, अडकणं थांबलं.

तापमानही बघ, एप्रिलात पत्र्याखाली प्रोसेसर तापला की स्वतःच वेग कमी करतो. आकडे इथं टाक, मिळून बघू.